हरणं, त्यांचं गवत आणि त्यांचे शिकारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगलालगतच्या गावांतले शेतकरी, सफारीहून परतलेले पर्यटक आणि शाळेतली मुलं यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या जंगलांना धरून दिली आहेत. जिथे शेजारच्या मध्य प्रदेशाकडून किंवा आणखी लांबून शिकण्यासारखं आहे, तिथे तेही घेतलं आहे.

महाराष्ट्रात हरणं कोणकोणती आहेत?

दरवर्षी शिंगं गाळून नवी उगवणारी खरी हरणं तीन: चितळ, सांबर आणि भेकर. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय (विदर्भातला रोही) हे कुरंगवर्गातले प्राणी. त्यांची शिंगं गळत नाहीत, आयुष्यभर तीच राहतात. पिसोरी दिसते हरणाच्या पिल्लासारखी, पण तिचं कूळ आणखी वेगळं आहे.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. चितळाला जंगलाची कड, गवत आणि जवळ पाणी लागतं. सांबर डोंगरउतारावर, दाट झाडीत राहतं आणि बरंचसं रात्री चरतं. भेकर झुडपांतून एकेकटं फिरतं. काळविटाला मोकळा माळ हवा. सोलापूर-नगरकडच्या माळावर दाट झाडं लावली तर ते हिरवं दिसेल, पण काळविटाचं घर मोडेल. म्हणून ‘हरणांसाठी झाडं लावू या’ अशी मोहीम कुणी घेऊन आलं की आधी कोणतं हरीण, हे विचारावं.

हरणं वाढवायची तर सुरुवात कुठून करायची?

गवतापासून. वाघाचं नाव पुढे असतं, निधी वाघाच्या नावाने येतो, पण व्याघ्र प्रकल्पातलं रोजचं काम बघितलं तर त्यातलं निम्मं गवताभोवती फिरतं. तसं ते फिरत नसेल तर फिरायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हिरवं दिसलं म्हणजे हरणाला खायला आहे, असं नसतं. पडीक जमिनीवर पहिल्याच पावसात तरोटा फोफावतो, मागोमाग रानतुळस आणि गाजरगवत येतं. लांबून सगळं हिरवंगार दिसतं, पण त्यातलं काहीही चितळ आवडीने खात नाही. जंगलाच्या कडेला घाणेरी माजली की खालचं गवत उन्हाअभावी मरतं. तिखाडीला वास छान येतो, पण चरणारं जनावर ती टाळतं. खरी चराई असते पवना, मारवेल, डोंगरी अशा बहुवर्षायु गवतांवर. कुसळी कोवळी असेपर्यंत खाल्ली जाते, कुसळं धरली की तोंडात टोचते म्हणून सोडून दिली जाते.

कुरण तयार करायचं तर तण फुलावर येण्याआधी, म्हणजे ऐन पावसाळ्यात, मुळासकट उपटावं लागतं. नुसतं कापलं तर ते पुन्हा फुटतं. एक वर्ष उपटून भागत नाही, कारण मातीत आधीचं बी पडलेलं असतं. सलग तीन-चार पावसाळे माणसं लावावी लागतात. दिवाळीच्या आसपास चांगल्या गवतांचं बी पिकतं. ते हाताने ओरबाडून गोळा करायचं, सावलीत वाळवायचं आणि पुढच्या पावसाआधी पेरायचं. काही ठिकाणी गवताच्या रोपवाटिका करून ठोंबं लावली जातात. चिखलदऱ्याचे गवत-अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांनी हे ज्ञान मेळघाटापासून इतर प्रकल्पांपर्यंत पोचवलं आणि वनरक्षकांना गवत ओळखायला शिकवलं. गवत ओळखता येणारा वनरक्षक हे कुठल्याही जंगलाचं मोठं भांडवल आहे.

काम जमलं की नाही हे बघायची साधी रीत आहे. कुरणात एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा जाळीने बंद करायचा आणि शेजारी तेवढाच उघडा ठेवायचा. दिवाळीनंतर दोन्हीकडचं गवत बघायचं. आतलं गुडघाभर आणि बाहेरचं वीतभर असेल, तर हरणं तिथे खरोखर चरत आहेत. दोन्ही सारखंच उंच असेल तर गवताची जात चुकली, नाहीतर हरणांना तिथे काहीतरी त्रास आहे. बाहेर निव्वळ माती उरली असेल तर चरणारी तोंडं जास्त झाली.

गावं उठली की कुरणं आपोआप होतात का?

आपोआप नाही. ताडोब्यात बोटेझरी, नवेगाव, जामणी या गावांचं पुनर्वसन झालं. त्यांच्या शेतांच्या जागी आज जी कुरणं दिसतात, त्यांवर कळपाने चितळं असतात आणि त्यांच्यामागे वाघही. पर्यटक तिथे गाडी थांबवून फोटो काढतात. पण सोडलेल्या शेतात आधी तणच आलं होतं. त्याचं कुरण झालं ते मेहनतीने.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या प्रत्येक कुरणाखाली कुणाची तरी धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर आहे. मेळघाटात कोहा, कुंड, बोरी ही कोरकूंची गावं उठली तेव्हाही देवस्थानं आणि महुआची झाडं मागे राहिली. पुनर्वसन स्वेच्छेनेच व्हायला हवं, असं कायदा सांगतो. पॅकेज आधी कुटुंबाला १० लाखांचं होतं, २०२१ पासून ते १५ लाख झालं. हरणं किती वाढली हे जसं मोजतात, तसं उठलेली कुटुंबं नव्या गावात कशी जगताहेत, हेही त्याच अहवालात यायला हवं.

पाणवठे जितके जास्त तितकं चांगलं ना?

नाही. उन्हाळ्यात टँकरने किंवा सौरपंपाने भरलेला पाणवठा फोटोत फार चांगला दिसतो, म्हणून देणगीदारांना तो आवडतो. पण चितळ पाण्यापासून लांब जात नाही. दर कोसावर पाणी केलं की एरवी उन्हाळ्यात विश्रांती मिळणारं गवतही बारमाही चरलं जातं. साचलेल्या पाण्यावर रोग पसरतात. शिवाय विष घालणाऱ्या शिकाऱ्याला ठरलेली जागा मिळते. जिथे नैसर्गिक झरे, डोह आटले आहेत तिथे पाणी द्यावं, आणि त्याआधी तो डोह का आटला ते बघावं.

एका वाघाला किती हरणं लागतात?

ढोबळ हिशेब असा: वाघ आठवड्याला साधारण एक मोठी शिकार करतो, म्हणजे वर्षाला पन्नासच्या आसपास. चरणाऱ्या प्राण्यांच्या संख्येतून दरवर्षी दहा टक्के गेले तरी ती संख्या टिकून राहते. म्हणजे एका वाघामागे सुमारे पाचशे चितळ-सांबरांएवढं भक्ष्य रानात असायला हवं. पिल्लं असलेल्या वाघिणीला याहून बरंच जास्त लागतं.

या हिशेबात बिबटे आणि रानकुत्रे धरलेले नाहीत, त्यांचा वाटा वेगळा. सांबर आणि गवा मिळत असतील तर वाघाची भिस्त त्यांच्यावर असते, कारण एका सांबरात चार-पाच दिवस निघतात. म्हणून नुसती चितळांची गर्दी बघून हुरळून जाऊ नये. सांबरं कमी होत असतील तर वाघाचं ताट रिकामं होऊ लागलंय असं समजावं.

रानकुत्रे कळपच्या कळप संपवतात, हे खरं आहे का?

खरं नाही. रानकुत्रे दिवसाढवळ्या, पाठलाग करून, अनेकांनी मिळून मारतात. ते दृश्य बघवत नाही, आणि त्यातूनच ही समजूत पसरली. इंग्रजांच्या काळात तर रानकुत्र्याला मारलं की बक्षीस मिळायचं. हा प्रकार १९७२ चा वन्यजीव कायदा येईपर्यंत चालला. रानकुत्र्यांची टोळी आली की चितळं तो भाग सोडून जातात. लोकांना वाटतं, ती संपली. टोळी पुढे सरकली की चितळं परत येतात. या हलण्याचाही उपयोग आहे: एकाच कुरणावर सगळा भार राहत नाही.

शिकारी प्राणी नसतील तर हरणं सुखाने राहतील ना?

याचं उत्तर सांगली जिल्ह्यात आहे. देवराष्ट्रे गावाजवळचं सागरेश्वर अभयारण्य हे माणसाने घडवलेलं रान आहे. उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडं उभी राहिली आणि तिथे चितळ, सांबर, काळवीट आणून सोडले. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर, भोवती सगळी शेती, आणि आत वाघ नाही. हरणं वाढली, आतलं गवत पुरेना, कुंपणातून फट मिळेल तिथून ती शेतात उतरू लागली. ज्यांच्या डोळ्यांदेखत हे रान उभं राहिलं, त्याच गावांचं पीक हरणं खाऊ लागली. पुढे तिथली चितळं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलवण्याचं काम हाती घ्यावं लागलं. सागरेश्वर घडवणाऱ्यांचं मोठेपण यामुळे कमी होत नाही, पण छोट्या, बंद रानात हरणं सोडताना पंचवीस वर्षांनंतरचा विचार पहिल्या दिवशी करावा लागतो.

अंदमानात याचं मोठं रूप दिसतं. तिथे चितळ मूळचं नाहीच. इंग्रजांनी ते नेऊन सोडलं, आणि त्याला खाणारा एकही मोठा प्राणी त्या बेटांवर नाही. चितळं बेटाबेटांवर पसरली आणि झाडांची कोवळी रोपं खात राहिली. जुनी झाडं उभी आहेत, पण त्यांची जागा घेणारी पुढची पिढी खालून येत नाही.

हरणं जास्त झाली हे ओळखायची एक खूण कुठल्याही रानात बघता येते. चितळ मागच्या पायांवर उभं राहून जेवढं पोचतं, तिथपर्यंतची पानं सगळ्या झाडांवर एका सरळ रेषेत संपलेली दिसतात, आणि खाली गुडघ्याएवढं एकही रोप नसतं.

अमेरिकेत राहणारे मराठी वाचक लिहितात की तिथे परसातली फुलझाडं हरणं खातात आणि हमरस्त्यावर गाड्यांना धडकतात. कारण तेच. पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांमधून लांडगे आणि कूगर (मांजरकुळातला मोठा शिकारी) माणसाने कधीच संपवले.

मग तिकडच्यासारखी ठरावीक शिकारीची परवानगी इथे का देत नाहीत?

तिकडे बंदूक लांडग्याचं काम करते. आपल्याकडे ते काम करणारे वाघ, बिबटे, रानकुत्रे अजून जिवंत आहेत, आणि बहुतेक जंगलांत त्यांनाच भक्ष्य अपुरं पडतं. गडचिरोलीसारख्या विस्तीर्ण वनात हरणं जास्त नाहीत, कमी आहेत. ताडोब्याच्या कुरणावरचं दृश्य बघून साऱ्या राज्यासाठी धोरण ठरवता येत नाही.

कायद्याची बाजू अशी: शिकारीला बंदी आहे. उभ्या पिकाला किंवा माणसाच्या जिवाला धोका झाला तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली अधिकारी परवानगी देऊ शकतात. राज्यात रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत ही वाट मोकळी केलेली आहे. पण परवानगी कागदावर मिळाली तरी शेतकऱ्याकडे परवान्याची बंदूक नसते आणि रात्री अचूक नेम धरणारा माणूसही नसतो. त्यामुळे हा उपाय कागदावरच राहतो. हे मान्य करून दुसरे उपाय भक्कम करायला हवेत.

एका जंगलातली हरणं दुसऱ्या जंगलात हलवता येतात का?

येतात, आणि मध्य प्रदेशाने ते करून दाखवलं आहे. तिथे ‘बोमा’ पद्धत वापरतात. ती मूळची आफ्रिकेतली. गाळण्यासारखं निमुळतं होत जाणारं कुंपण उभारतात, त्याला हिरवी जाळी किंवा गवत लावून आडोसा करतात, आत चारा ठेवतात. चितळं दिवसेंदिवस तिथे ये-जा करू लागली की एक दिवस हळूच मागून पडदा बंद होतो आणि कळप पुढे थेट गाडीत चढतो. हात लागत नाही, भुलीचं इंजेक्शन लागत नाही. पेंचमधली चितळं अशीच सातपुड्याकडे गेली.

कान्हाच्या बारशिंग्याची गोष्ट तर प्रत्येक वनाधिकाऱ्याने पाठ करावी अशी आहे. कडक जमिनीवर राहणारी ही बारशिंग्याची जात १९७० साली कान्हात फक्त ६६ उरली होती. ती फक्त गवत खाते, तेही उंच गवत, आणि पिल्लंही त्यातच लपवते. गवताळ मैदानं जळत होती, गुरं चरत होती. गावं हलली, मैदानं राखली गेली आणि काही बारशिंगे मोठ्या कुंपणात ठेवून वाढवले. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात गेली आहे आणि सातपुड्यात दुसरा कळप वसला आहे.

सह्याद्रीत मात्र घाई नको. चांदोली-कोयनेचा हा प्रदेश धुवांधार पावसाचा. तिथले मूळ रहिवासी गवा, सांबर आणि भेकर. २०२५ च्या अखेरीस ताडोब्यातली वाघीण तिथे आणली गेली, त्यामुळे भक्ष्य वाढवण्याची निकड खरी आहे. पण चितळ आणून सोडणं सोपं म्हणून तेवढंच करत राहण्यापेक्षा, फासे लावणं थांबवून सांबराला निवांतपणा देणं जास्त टिकाऊ ठरेल.

जंगलातली हरणं मोजतात कशी?

एकेक करून कुणीच मोजत नाही. ठरलेल्या सरळ रेषेवर, साधारण दोन किलोमीटर, पहाटे दोन-तीन माणसं न बोलता चालतात. कळप दिसला की किती प्राणी, किती अंतरावर, कोणत्या कोनात, एवढं टिपायचं. असं सलग काही सकाळी. लांबची हरणं नजरेतून सुटतात, ती किती सुटली असतील याचा अंदाज या अंतरांवरूनच गणिताने काढला जातो आणि चौरस किलोमीटरला किती, अशी घनता मिळते. देशभरची व्याघ्रगणना दर चार वर्षांनी होते, तिच्यातही हे चालणं असतं.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून केलेली पाणवठ्यावरची गणना हा सुंदर अनुभव आहे, जरूर घ्यावा. पण त्या आकड्यांवरून संख्या वाढली की घटली हे ठरवू नये. तेच चितळ रात्रीतून दोनदा पाण्यावर येतं, आणि अवकाळी पाऊस झाला असेल तर कुणीच येत नाही.

शेतात येणारी जनावरं कशी थांबवायची?

विदर्भात सर्वाधिक नुकसान रानडुक्कर आणि रोही करतात. जंगलाला लागून शेत असेल तर चितळही येतं, हरभरा, तूर आणि सोयाबीनचे कोवळे शेंडे खुडतं. जागलीला जाऊन रात्र काढणारा शेतकरी दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात राबतो. त्याच्यापुढे जैवविविधतेवर व्याख्यान देण्याचा अधिकार शहरातल्या कुणालाही नाही.

सौर कुंपण, म्हणजे गावात ज्याला झटका मशीन म्हणतात, ते चालतं. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळतं. अट एकच, तारांखालचं गवत सतत कापावं लागतं, नाहीतर प्रवाह जमिनीत जातो आणि झटका लागत नाही. एकट्याने कुंपण केलं तर जनावरं शेजाऱ्याच्या शेतात वळतात, म्हणून सलग चाळीस-पन्नास शेतांचं मिळून कुंपण केलेलं बरं.

वीजवाहिनीवर आकडा टाकून तारेत थेट प्रवाह सोडू नका. त्याने रोह्याबरोबर वाघ मरतात आणि पहाटे पाणी द्यायला निघालेली माणसंही मरतात. भरपाईसाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत अर्ज करा, पंचनामा होईपर्यंत पीक तसंच ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

हरणं संपली म्हणून बिबट्या उसात आला, बरोबर?

अर्धवट बरोबर. अकोले तालुक्यात वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की शेतीतले बिबटे प्रामुख्याने गावातल्या कुत्र्यांवर जगतात. ऊस त्यांना लपायला जागा देतो, आणि तिथेच जन्मलेल्या बिबट्याने जंगल पाहिलेलंही नसतं. जंगलात हरणं सोडली म्हणून तो तिकडे जाणार नाही. उकिरडा आवरला, कुत्र्यांची संख्या आटोक्यात आणली आणि गोठा बंदिस्त केला तर फरक पडतो.

मोकाट कुत्री आणि गुरं यांचा हरणांना किती त्रास?

फार. माळावर काळविटाच्या पाडसांना आणि जंगलाच्या कडेला चितळांना मोकाट कुत्री टोळीने पळवून मारतात. गुरांमुळे चारा तर जातोच, शिवाय लाळ्या-खुरकूतसारखे रोग जंगलात शिरतात. कडेच्या गावांत गुरांचं लसीकरण दरवर्षी करणं हे वन्यजीवांचंच काम आहे.

वणव्याने नवं गवत फुटतं, मग तो वाईट कसा?

राख पडल्यावर कोवळं फुटतं हे खरं. पण महुआ वेचायला किंवा तेंदूची पानं चांगली यावीत म्हणून लावलेली आग फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपं, घरटी आणि बी सगळं घेऊन जाते, आणि पाऊस येईपर्यंत हरणाला खायला फारसं काही उरत नाही. वनखातं हिवाळ्यातच जाळरेषा काढतं ते आग अडवण्यासाठी.

शेतात एकटं पाडस सापडलं. काय करावं?

उचलू नका. काळवीट आणि चितळाच्या माद्या पिल्लाला गवतात लपवून चरायला जातात. ते पाडस हलत नाही, ओरडत नाही, कारण तसंच पडून राहण्यात त्याचा बचाव असतो. त्याला पोरकं समजून घरी आणलं आणि गाईचं दूध पाजलं की ते बहुधा मरतं. कुत्री बांधा, मळणी किंवा कापणी त्या कोपऱ्यात एक दिवस पुढे ढकला आणि लांब व्हा. संध्याकाळी मादी येते. दुसऱ्या दिवशीही पाडस तिथेच असेल आणि मलूल दिसत असेल, तर वनरक्षकाला बोलवा.

गळून पडलेलं शिंग घरी आणलं तर चालेल?

नाही. हरीण मारलेलं नसलं तरी ते जवळ बाळगणं गुन्हा ठरतो. शिवाय रानात पडलेलं शिंग साळिंदर आणि इतर प्राणी कुरतडून खातात, त्यांना त्यातून चुना मिळतो.

हरीण विहिरीत पडलंय किंवा वस्तीत शिरलंय. पकडायचं का?

गर्दी करून पाठलाग करू नका. घाबरून जिवाच्या आकांताने पळालेल्या हरणाचे स्नायू आतून निकामी होतात. अंगावर ओरखडा नसतो, सोडल्यावर ते चार पावलं चालतंही, आणि काही तासांनी किंवा दोन दिवसांनी मरतं. ‘सुखरूप सुटका’ अशी बातमी छापून आलेली कितीतरी हरणं अशी जातात.

१९२६ या वनखात्याच्या मदतक्रमांकावर फोन करा. पथक येईपर्यंत लोकांना विहिरीपासून लांब ठेवा, आवाज थांबवा. पाणी खोल असेल तर बाज किंवा लाकडी फळी दोराने खाली सोडा, म्हणजे त्याला पाय टेकायला आधार मिळतो. वस्तीत शिरलं असेल तर रानाकडची बाजू मोकळी सोडा आणि बाकीच्या तीन बाजूंना माणसं शांत उभी करा. पकडावंच लागलं तर पथक आधी त्याचे डोळे कापडाने झाकतं, कारण अंधार झाला की त्याचा श्वास संथ होतो. आणि ती विहीर कठड्याविना असेल, तर त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत कठड्यासाठी अर्ज द्या.